दोन चाखणदार आणि बेथियाचं पिंप

आमच्या इन्व्हरलोगी गावच्या कौन्सिलनं एखादं काम घाईत उरकलं असा आरोप आमच्या वैऱ्यांनीही कधी केला नाही. हाय स्ट्रीटवर डुकरं मोकाट सोडावीत की नाही, हा प्रश्न माझ्या आजोबांच्या वेळी चर्चेला आला. तो अजून चर्चेतच आहे, आणि डुकरं चर्चा संपायची वाट न बघता फिरताहेत. ढोलवाल्याला नवे जोडे द्यावेत का, यावर एकदा अख्खा हिवाळा गेला. ठराव झाला तोवर ऊन पडायला लागलं, तेव्हा उन्हाळ्यात जोडे कशाला म्हणून ठराव मागे घेतला. चर्चमधल्या कौन्सिलच्या सज्ज्यात पुढच्या बाकावर कोणी बसायचं, एवढ्या एकाच गोष्टीत आमची चपळाई दिसते. त्यावरून ऐन प्रार्थनेत गुद्दागुद्दी झालेली आहे. संसद एडिंबरोहून लंडनला गेली तेव्हा आम्ही पुष्कळ शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर आमचा राज्यकारभार डुकरांच्या पलीकडे कधी गेलाच नव्हता.

बिअरची गोष्ट मात्र वेगळी. आमच्या विहिरीचं पाणी पिऊन माणूस आडवा होतो, त्यामुळे लहानथोर सगळे बिअरवर जगतात. ती करतात घरोघरच्या बायका. पिंप तयार झालं की बाई दारावर केरसुणी टांगते आणि कौन्सिलनं नेमलेले दोन चाखणदार काळ्या काठ्या घेऊन तिच्या उंबऱ्याशी येतात. अख्ख्या गल्लीसमोर एकेक पेला पितात. चांगली निघाली तर दारावर खडूनं गोल काढतात. वाईट निघाली तर फुली, आणि फुलीची बिअर निम्म्या किमतीत विकायची. एका वर्षात तीन फुल्या पडल्या की पिंप बाजारचौकात न्यायचं, ढोल वाजवून त्याचं बूड फोडायचं आणि त्या बाईनं या गावात पुन्हा बिअर करायची नाही. नियम कडक आहे. आमचे सगळे नियम कडकच आहेत, फक्त ते डुकरांना लागू पडत नाहीत.

त्या वर्षी चाखणदाराची एक काठी गॅविन प्रिंगलकडे आली. गॅविन हातमोजे शिवायचा. त्याचा बापही हातमोजेच शिवायचा, आणि चर्चमध्ये खांबाआडच्या बाकावर बसून बसून, पाद्रीबुवांचं तोंड एकदाही न बघता बिचारा मेला. चाखणदाराला सज्ज्यात जागा मिळते. शपथ घेऊन पहिल्या रविवारी गॅविन वर जाऊन बसला, तेव्हा त्याला पाद्रीबुवा दिसले, खालची टकलं दिसली, आणि खांबाआडचं ते बाकही दिसलं. आता या बाकाचा आणि आपला संबंध संपला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

मग ऐन थंडीत त्याला ताप आला. आठवडाभर तो तापानं फणफणला. उठून बसला तेव्हा बायकोनं, ग्रिझलनं, लापशीचा वाडगा पुढं केला.

"मीठ घातलं नाहीस का?" गॅविननं विचारलं.

"मूठभर घातलंय. आजाऱ्याला चव लागावी म्हणून जास्तच."

गॅविननं कांदा चावून बघितला. मोहरी चघळली. जिभेवर काही उमटेना आणि नाकालाही काही कळेना. तापानं जीव ठेवला आणि चव नेली.

"कौन्सिलला सांगून टाक," ग्रिझल म्हणाली.

"येईल परत चार दिवसांत. त्यासाठी कशाला गावभर डांगोरा पिटायचा?"

"नाही आली तर?"

"नाही आली तर बघू," गॅविन म्हणाला. आमच्या कौन्सिलचं अर्धं कामकाज याच वाक्यावर चालतं, तेव्हा तो त्या पदाला अगदीच नालायक होता असं म्हणता येणार नाही.

चव परत आली नाही. पण गॅविनला तोड सापडली. दुसरा चाखणदार होता निनियन ट्रेल. पाव भाजणारा, पोटानं मोठा, आणि या कामात मुरलेला. पेला तोंडाला लावला की निनियनची डावी भुवई बोलायची. वर गेली तर फुली, जागच्या जागी राहिली तर गोल. गॅविन आपला पेला सावकाश संपवायचा, भुवईवर डोळा ठेवायचा आणि मग गंभीरपणे मान हलवायचा. दोघांचं मत एकदाही वेगळं पडलं नाही. निनियनच्याही आधीचे चाखणदार एकमेकांच्या झिंज्या उपटायचे, म्हणून या एकमताचं कौन्सिलला फार कौतुक वाटलं. प्रोव्होस्ट ओगस्टनसाहेब, म्हणजे आमचे नगराध्यक्ष, भर सभेत म्हणाले, "एक जीभ आणि दोन तोंडं. असे चाखणदार या गावाला पूर्वी लाभले नव्हते." ते खरंच होतं, फक्त जिभेचा हिशेब साहेबांनी एकानं जास्त धरला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. आडवं आलं ते बेथिया यूलचं दार.

बेथिया विधवा. नवरा अॅडम गेल्यापासून एकटीच पिंप सांभाळायची. गॅविन आणि ती एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालेले. इतर बायका चाखणदार आले की हात पुसत खाली बघत उभ्या राहायच्या. बेथिया मात्र पेला हातात देऊन गॅविनच्या तोंडाकडे टक लावून बघायची. पहिल्याच खेपेला गॅविन दचकला. हिला कळलं, असं त्याला वाटलं. ओठ आपोआप आवळले गेले, कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं घाईघाईनं निनियनकडे पाहिलं, तर भुवई वर चढलेली. फुली पडली. दुसऱ्या खेपेला बेथिया आणखीच जवळ येऊन बघायला लागली, गॅविनच्या आठ्या आणखी वाढल्या, भुवई टोपीत शिरली आणि दुसरी फुली पडली.

गावानं काय केलं? गावानं खडू वाचला. गोलाची बिअर पिऊन वाहवा केली आणि बेथियाची बिअर आंबट लागते असं एकमेकांना सांगितलं. मी स्वतः दोन ठिकाणी शपथेवर सांगितलं की ती प्यायल्यापासून माझं पोट बिघडलंय. पोट बिघडलं होतं हे खरं, पण ते माझ्या मेव्हणीकडच्या जेवणानं.

बेथियानं निम्म्या किमतीत पिंप विकलं, पुढच्या जवासाठी अॅडमचा चांगला कोट विकला, आणि तिसऱ्यांदा बिअर घातली. आता आणखी एक फुली पडली की तिचं पिंप फुटणार होतं, आणि पिंपाखेरीज तिच्याजवळ पोट भरायला काही नव्हतं.

ग्रिझलनं निम्म्या किमतीतलं एक मडकं घरी आणलं होतं. एका संध्याकाळी ती गॅविनसमोर येऊन बसली.

"ही बिअर वाईट आहे असं कोण म्हणालं?"

"आम्ही."

"तुम्ही म्हणजे कोण? तुझी जीभ तर मेलीय."

"निनियनची भुवई म्हणाली."

"मग त्या भुवईला सांग, इतकी चांगली बिअर मी माझ्या लग्नातसुद्धा प्यायले नव्हते." ग्रिझलनं मडकं त्याच्यापुढं आदळलं. "तुझ्या सज्ज्यातल्या बाकासाठी ती बाई भीक मागणार, धनी. रविवारी वर बसून प्रार्थना म्हणताना तेवढं ध्यानात असू दे."

 गॅविन तसाच उठून निनियनच्या भट्टीवर गेला. निनियन पीठ मळत होता.

"निनियन, बेथियाच्या बिअरमध्ये तुला नेमकं काय वाईट लागलं?"

निनियनचे हात थांबले. "मला? तुला काय लागलं ते सांग की आधी."

"मी तुला विचारतोय."

"हे बघ गॅविन, तू जे म्हणशील त्याला माझी ना नाही."

"मी काही म्हणालोच नव्हतो. तुझी भुवई वर गेली."

"ती गेली तुझं तोंड बघून," निनियन म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. तपकिरीची डबी काढली, पण ओढायचं धैर्य त्याला होईना. "या तपकिरीनं नाकाचं वाटोळं केलं, उरलेलं भट्टीनं. किती वर्षं झाली, देव जाणे. आधीच्या चाखणदाराच्या तोंडाकडे बघून निभावलं. मग तू आलास. तुझा चेहरा तर उघड्या दारासारखा, म्हटलं आता चिंता मिटली."

"अरे, आणि मी तुझ्या भुवईकडे बघत होतो."

 वर्षभर अख्ख्या गावाची बिअर एका आंधळ्यानं दुसऱ्या आंधळ्याला विचारून ठरवली होती, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं रांगेनं चाललो होतो.

"कौन्सिलला सांगू या," गॅविन म्हणाला.

"वेडा झालास? माझी पोरगी उपवर आहे." निनियननं कपाळाचा घाम पुसला. "ऐक माझं. बेथियाच्या दारात उद्या गोल काढायचा, कसलीही असो. तू हसायचं, मी भुवई दाबून धरतो. बाईचं पिंप वाचेल आणि आपली अब्रूही. परत या गोष्टीचं नाव काढायचं नाही."

गॅविनला ते पटलं. पटण्यासारखंच होतं ते, कारण त्यात त्याचं बाक शाबूत राहत होतं.

दुसऱ्या दिवशी बेथियाच्या दारात जत्रा भरली. तिसरी फुली म्हणजे मोठा प्रसंग, म्हणून प्रोव्होस्टसाहेब जातीनं आले. ढोलवाला आला, जुन्याच जोड्यांत. पिंप न्यायची गाडीही आणून ठेवली होती, कारण कौन्सिलची तयारी निकालाच्या आधी पूर्ण असते. बेथिया बाहेर आली. तिनं दोन पेले दोघांच्या हातात दिले. आज ती गॅविनकडे बघत नव्हती. त्यामुळे त्याला फार हलकं वाटलं.

त्यानं पेला घटाघटा संपवला. घसा जरासा चरचरला, पण घसा भीतीनंही चरचरतो. त्यानं तोंड भरून हसू आणलं. निनियननं एका हातानं पेला आणि दुसऱ्या हातानं भुवई धरली होती.

"उत्तम," गॅविन म्हणाला. "यंदाची सगळ्यात चांगली बिअर."

"काय गोडवा आहे," निनियन म्हणाला. "आणखी असेल तर घेईन म्हणतो."

"वासच सांगतोय ना," मागून एक कौन्सिलर म्हणाला.

बेथियानं तिसरा पेला प्रोव्होस्टसाहेबांपुढं केला. "साहेब, तुम्हीपण घ्या. एवढं कौतुक झालंय तर."

साहेबांनी मोठा घोट घेतला आणि तो सगळाच्या सगळा ढोलावर आला.

"माशाच्या पिंपातलं पाणी आहे," बेथिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हेरिंग खारवून उरलेलं. दोनदा चांगली बिअर देऊन फुल्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा म्हटलं, बघू या तरी, काय पाजलं की या दाराला गोल मिळतो."

गल्ली हसली ती अशी, की वरच्या खिडक्यांतून लोक काय झालं म्हणून विचारायला लागले. गॅविनच्या कानांतून वाफा निघाल्या. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी तोंड पुसलं आणि तडक सभा बोलावली.

कचेरीच्या वरच्या दालनात कौन्सिल बसलं; खालच्या मजल्यावर गावचा तुरुंग. बेथियाला भिंतीपाशी उभं केलं.

"दोन्ही चाखणदारांनी शपथेला स्मरून उत्तम बिअर असं म्हटलं आहे," प्रोव्होस्टसाहेब म्हणाले. "तेव्हा कौन्सिलच्या दृष्टीनं ती बिअर होती."

"पण साहेब, तुम्ही थुंकलात," कोणीतरी म्हणालं.

"मी थुंकलो तो ओगस्टन म्हणून. प्रोव्होस्ट म्हणून नाही."

माना हलल्या. सगळ्यांना आतून ठाऊक होतं की राजाच्या वाढदिवसाला प्यायलेली पिंपं साहेबांच्या मेव्हणीकडची होती, गोल बघून घेतलेली, आणि साऱ्या कौन्सिलनं तिच्यावर स्तुतिसुमनं उधळली होती. चाखणदार खोटे ठरले तर आपण त्या दिवशी काय ढोसलं, हा प्रश्न निघाला असता. तो कोणालाच नको होता.

"उरली ही बाई," साहेब पुढं म्हणाले. "हिनं कौन्सिलच्या माणसांना भर रस्त्यात फसवलं. गावाची बेअब्रू केली. पिंप फोडावं आणि हिला ढोल वाजवत वेशीबाहेर काढावं, असं माझं मत आहे. कोणाची हरकत?"

हरकत कोणाची नव्हती. आमच्याकडे हरकत घ्यायची तर ती डुकरांच्या बाबतीत घेतात. बेथियानं नुसता भिंतीला हात टेकला. गॅविननं तो हात पाहिला. मळीनं काळा पडलेला, सुरकुतलेला. या हाताला उद्यापासून काम नाही, आणि ते आपण केलं, हे त्याला इतकं लख्ख कळलं की बसवेना.

तो उभा राहिला. निनियन टेबलाखालून त्याचा कोट ओढत होता.

"साहेब, मला चव लागत नाही. ताप आला तेव्हापासून जीभ मेलीय. मी वर्षभर खोटं बोललोय."

"खाली बस, गॅविन. तुझी तब्येत ठीक नाही."

"तेच सांगतोय, साहेब."

"अरे, आम्हाला तेच ऐकायचं नाही," साहेब दात आवळून म्हणाले. "बस."

कोपऱ्यात पेले घासायला ठेवलेली व्हिनेगरची सुरई होती. गॅविन गेला, त्यानं ती उचलली आणि सगळ्यांसमोर घटाघट रिकामी केली. कौन्सिलरांची तोंडं वेडीवाकडी झाली, एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. गॅविनचा चेहरा तसाच राहिला. त्यानं सुरई खाली ठेवली.

"बेथियाची बिअर चांगली होती की वाईट, मला माहीत नाही. मी फुली काढली ती घाबरून. निनियन माझ्यावर विसंबून राहिला, त्याचा दोष नाही. तिला घालवायचं असेल तर आधी मला घालवा."

निनियननं कोट सोडला आणि मान खाली घातली.

व्हिनेगरपुढं ठराव चालेना. खूप वेळ कुजबुज झाली आणि मग कौन्सिलनं आपल्या रीतीप्रमाणे न्याय दिला. गॅविनची जीभ ईश्वरी इच्छेनं गेली, त्याला कौन्सिल जबाबदार नाही. गावातले इतर सगळे गोल बरोबर होते, कारण त्यांबद्दल कोणी कुरकुर केली नव्हती. बेथियाच्या फुल्या रद्द, पिंप तिचं तिला. गॅविनची काठी काढून घेतली आणि सज्ज्यातली जागाही. त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या दारावरच्या फुल्या पुसाव्यात, असंही ठरलं. निनियनला दीर्घ अनुभवामुळं कायम ठेवलं आणि जोडीला साहेबांचा मेव्हणा दिला. हा गृहस्थ काहीही पितो आणि त्याचा चेहरा कधीच हलत नाही, त्यामुळे निनियनचे तेव्हापासून फार हाल आहेत. गावापुरतं बोलायचं तर आम्हाला सगळ्यांना बेथियाची बिअर पहिल्यापासून आवडत होती, हे दुसऱ्याच दिवशी आमच्या ध्यानात आलं.

गॅविन ओलं फडकं घेऊन बेथियाच्या दाराशी गेला. फुल्या पुसल्या. पुसून झाल्यावरही तो दार पुसतच राहिला, कारण वळलं की तिच्याशी बोलावं लागलं असतं.

"लाकूड झिजेल," बेथिया म्हणाली.

"मला माफ कर, बेथिया. तू पहिल्या दिवसापासून ओळखलं होतंस. तू अशी टक लावून बघायचीस, आणि मी घाबरायचो."

"मी काय ओळखणार? मला तर कालपर्यंत वाटत होतं, तुम्हा दोघांना कोणी पैसे चारले असतील." ती उंबऱ्यावर बसली. "पिंप उघडलं की पहिला घोट अॅडम घ्यायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघायची. बरी झालीय म्हणाला की मग मला माझी चव खरी वाटायची. तो गेल्यावर घरात बरी म्हणणारं कोणी राहिलं नाही. तू आपल्या गल्लीतला. म्हटलं, गॅविन तरी म्हणेल. तेवढ्यासाठी बघत होते मी."



बेथिया उठून आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. नवी बिअर, खरी. तिनं तो त्याच्या हातात दिला आणि सवयीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. गॅविननं घोट घेतला. पाणी आणि ती यांत त्याला काही फरक कळला नाही. 'बरी झालीय' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर आले होते. बोलायला सोपे होते, आणि खरेही असावेत. पण ते म्हणायला लागणारी चव त्याच्याजवळ नव्हती.

"थांब जरा," तो म्हणाला.

तो पेला तसाच धरून रस्त्यानं घराकडे चालत गेला, लोक बघत असताना. ग्रिझल कातडं कापत बसली होती. त्यानं तिला हाताला धरून उठवलं आणि काही न सांगता बेथियाच्या दाराशी आणलं. ग्रिझलनं पेला घेतला, एक घोट तोंडात फिरवला, मग दुसरा घेतला.

"बरी झालीय, बेथिया," ती म्हणाली. "खरंच बरी झालीय."

बेथियानं मान हलवली.  मग ती पालथ्या बादलीवर बसली, एप्रन तोंडाला लावला आणि रडायला लागली. ग्रिझल तिच्याजवळ जाऊन बसली. गॅविन हातात ओलं फडकं घेऊन दारात उभा राहिला.